घरच्या मोटारीचें अंतरंग

गेल्या महिन्याच्या टपालांत पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. पत्र लांबलचक असल्यामुळें त्यांतील हकीकत आम्ही आमच्याच शब्दांत देतों. त्यांच्या मामंजींनीं १९६७ सालीं विकत घेतलेली फियाट डिलाइट मोटार पेठेंतील वाड्याच्या पडवींत अद्याप उभी आहे. थोरले दीर दर रविवारीं तिचें इंजिन चालू करतात व महिन्या-दोन महिन्यांनीं तिला कात्रजपर्यंत फिरवूनही आणतात. म्हणजे मोटार चालती आहे. गेली आहे ती तिची आंतील बाजू. आसनांचें रेक्झिन जागोजाग तडकलें आहे, छताचें अस्तर पोट सुटल्यासारखें लोंबत आहे, दारांच्या आंतील पुठ्ठे पावसाळ्यागणिक फुगत चालले आहेत, आणि मागच्या आसनाच्या डाव्या बाजूची एक स्प्रिंग वर आली आहे. वाडा आतां पुनर्विकासाला जावयाचा आहे. नव्या इमारतींत तीन भावांचीं तीन बिऱ्हाडें निरनिराळ्या मजल्यांवर होतील आणि या जुन्या मोटारीसाठीं फार तर एक जागा मिळेल. थोरल्या दिरांच्या मतें मोटारीला हात लावूं नये. मधले दीर म्हणतात कीं, आंतून सगळें काढून टाकून मलईच्या रंगाचें कातड्यासारखें कापड, फोमच्या गाद्या व वातानुकूलन यंत्र बसवावें. भगिनींचे यजमान विकण्याच्या मताचे आहेत. सासूबाईंचें म्हणणें, आहे तशी असूं द्या. परंतु ती स्प्रिंग टोंचते म्हणून गेलीं दोन वर्षें त्या स्वतःच तींत बसलेल्या नाहींत. अशा स्थितींत दुरुस्ती करावयाची तर ती कितपत करावी, हा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. दुरुस्त करावी, परंतु नवी करूं नये.

मोटारीचे दोन भाग असतात. एक कारखान्याचा व एक घराचा. इंजिन, सांगाडा, चाकें हा कारखान्याचा भाग. तो बिघडला तर ठरलेल्या मापाचा सुटा भाग आणून बसविला कीं काम झालें, आणि त्या कामीं कोणाला हळहळ वाटत नाहीं. जुना पिस्टन बदलतांना ज्याचे डोळे पाणावले असा गृहस्थ आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आसनें, छत, दारांच्या मुठी, पायांखालचें रबर हा भाग कारखान्यांतूनच निघतो खरा. पण पुढें पन्नास वर्षें तो घराच्या अंगवळणीं पडत जातो. चालविणाराची बसण्याची जागा किंचित् अधिक दबलेली असते. मागच्या दाराच्या मुठीवरील मुलामा लहान मुलांच्या हातांनीं उडालेला असतो. कोठें तरी लिमलेटच्या गोळीचा डाग असतो, कोठें हळदीकुंकवाच्या करंड्यांतून सांडलेला पिवळा ठिपका शिवणींत बसलेला असतो. घरांतील पोथी जीर्ण झाली तर आपण तिच्या पानांच्या कडांना कागद लावतों, रुमाल नवा घेतों. पण जुनीं पानें टाकून देऊन बाजारांतील छापील प्रत त्याच रुमालांत बांधली आणि ‘ही आजोबांची पोथी’ म्हणून नातवंडांना दाखविली, तर तें कोणाला पटेल?

डिलाइट मोटारीविषयीं चार शब्द सांगणें येथें अवश्य आहे, कारण तिचें अंतरंग जसें आहे तसें कां आहे, हें त्यावरून उमगतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या मोटारींची जुळणी होई. पुढें पन्नाशीच्या दशकांत इटलींतील फियाट कंपनीची ११०० ही मोटार आली. तिच्या पहिल्या अवताराला लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ असें नांव ठेविलें, आणि तें नांव प्रेमाचेंच होतें. १९६४ मध्यें डिलाइट आली. पुढें हीच मोटार प्रेसिडेंट व १९७४ पासून पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली आणि विसावें शतक सरतां सरतां तिची निर्मिति थांबली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली; टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबराअखेर ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. इंजिन अवघें १०८९ घनसेंटिमीटरचें. परवान्यांच्या त्या काळांत नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि म्हणूनच आलेली मोटार एका माणसाची नसे, साऱ्या घराची असे. पुढचें आसन सलग बाकासारखें. गिअरचा दांडा स्टीअरिंगलगत, त्यामुळें मधली जागा मोकळी. पुढें तिघें, मागें चौघें आणि मांडीवर जितकीं मावतील तितकीं मुलें, असा प्रवास ज्यांनीं केला आहे त्यांना त्या सलग आसनाचें मोल वेगळें सांगावयास नको. हल्लीं कित्येक कारागीर तें आसन काढून दोन स्वतंत्र खुर्च्या बसवितात. दिसण्यांत त्या सुबक असतील. परंतु डिलाइटच्या अंतरंगांत कुटुंब म्हणून जें कांहीं आहे तें त्या बाकांतच आहे, आणि तें काढणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. सासूबाईंना टोंचणाऱ्या स्प्रिंगपासूनच आरंभ करावा, कारण तिच्यांत या साऱ्या प्रकरणाचें मर्म आहे. त्या काळच्या बहुतेक मोटारींत आसन असें रचलेलें असे: तळाशीं पोलादी चौकट, तींत स्प्रिंगा, स्प्रिंगांवर ताणून बसविलेलें तरट, तरटावर नारळाच्या काथ्याची गादी, तिच्यावर कापसाचा पातळ थर, आणि सर्वांवर रेक्झिनचें आवरण, त्याच्या कडा चौकटीभोंवतीं वळवून तारेच्या लहान लहान कड्यांनीं अडकविलेल्या. या पांचसहा थरांपैकीं सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्बळ थर तरटाचा. पावसाळ्यांतील दमट हवेनें तो कुजतो व फाटतो. मग स्प्रिंगेचें टोंक काथ्यांत शिरतें, काथ्या वर्षानुवर्षें दळला जातो आणि एके दिवशीं तें टोंक बसणाराला लागतें. आपण म्हणतों स्प्रिंग बिघडली. वस्तुतः स्प्रिंग बहुधा शाबूत असते, फार तर तिचें बंधन सुटलेलें असतें. मागच्या आसनाची बैठक बहुतेक मोटारींत उचलून बाहेर काढतां येते. ती अंगणांत उलटी ठेवावी, त्या बाजूच्या कड्या उलगडाव्या, तरटाचा नवा तुकडा दुहेरी करून बसवावा, काथ्याचा दळलेला भाग तेवढा कापून तितक्याच जाडीचा नवा घालावा, सुटलेली स्प्रिंग शेजारणीशीं तारेनें पुन्हां बांधावी आणि त्याच आवरणाच्या कडा त्याच जागीं अडकवाव्या. जाणत्या कारागिराला हें काम एकदोन दिवसांचें आहे. वरून पाहणाराला कांहींच झालेलें दिसणार नाहीं, आणि सासूबाई त्यांच्या नेहमींच्या जागीं बसूं शकतील. मोटारीचें पुढें काय करावयाचें, याचा निकाल भावांनीं सावकाश लावावा. एवढें काम मात्र त्या निकालासाठीं अडवून ठेवूं नये.

काथ्याच्या ऐवजीं फोम घालण्याचा आग्रह सीटवाले हटकून धरतात. त्यांचें कारण उघड आहे. फोम सुरीनें हवा तसा कापतां येतो आणि काम लवकर उरकतें. आमचा फोमशीं वैरभाव नाहीं. परंतु फोम हवेंतील प्राणवायूनें व दमटपणानें पिवळा पडून कांहीं वर्षांनीं भुगा होऊं लागतो. चांगला काथ्या तितका लौकर हार खात नाहीं आणि त्यांतून हवाही खेळते. रबराचा चीक देऊन बांधलेल्या काथ्याच्या तयार लाद्या बाजारांत मिळतात, त्या घ्याव्या. घ्यावयाचाच झाला तर फोम निदान चाळीस घनतेचा, आणि तोही काथ्यावर पातळ थर म्हणून घ्यावा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. फोमनें आसनाची उंची बदलते. दोन इंच उंची वाढली तर चालविणाराची मांडी स्टीअरिंगला लागते, उंच माणसाचें डोकें छताला टेकतें; दोन इंच कमी झाली तर गुडघेदुखी असलेल्या वृद्धांना आंतून उठणें कठीण होतें. यासाठीं आसन उघडण्यापूर्वीं जमिनीपासून बैठकीची उंची पुढें, मागें व मध्यें मोजून लिहून ठेवावी.

रेक्झिनविषयीं बराच गैरसमज आहे. रेक्झिन हें मूळ एका इंग्रजी मालाचें नांव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तो कातड्यासारखा उठवीत. पुढें पी.व्ही.सी.चा लेप आला, तरी आपण नांव तेंच ठेविलें. पी.व्ही.सी. स्वभावतः कठीण आहे. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यांत तेलासारखीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. उन्हानें व काळानें तीं हळूहळू बाहेर पडतात. बंद मोटारीच्या कांचांवर आंतून जो धुरकट चिकट थर जमतो, त्यांत त्यांचाही अंश असतो. तीं द्रव्यें गेलीं कीं आवरण ताठ होतें आणि बसतांच शिवणीशेजारीं तडकतें. म्हणून रेक्झिन रॉकेलनें अथवा थिनरनें पुसणें म्हणजे उरलासुरला मऊपणाही काढून घेणें होय. खोबरेल चोळल्यानें चार दिवस चकाकी येते व पुढें चार महिने धूळ चिकटते. कोमट पाणी, साधा सौम्य साबण व मऊ फडकें एवढ्यावर भागवावें, आणि शिवणींत पाणी मुरूं देऊं नये.

तडकलेलें सगळेंच टाकून द्यावें लागतें असें नाहीं. आवरण एका कापडाचें नसून दहाबारा तुकड्यांचें असतें; त्यांतील दोन-तीन गेलेले असतात. शिवण उसवली असेल तर जुन्याच भोंकांतून पुन्हां शिवावी, नवीं भोंकें पाडलीं तर तेथें पुढची चीर ठरलेली. एखादा तुकडाच फाटला असेल तर त्यासाठीं कापड प्रथम मोटारींतच शोधावें. पाठीच्या आसनाच्या मागें, बैठकीखालीं वळविलेल्या कडेला, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं तेथें मूळ कापड बरेंच असतें. तें काढून दर्शनी जागीं लावावें व त्याच्या जागीं नवें घालावें. बाजारांतून आणणें भागच पडलें तर नमुना म्हणूनही हाच दडलेला भाग न्यावा. वर दिसणारा रंग उन्हानें विटलेला असतो, खरा रंग घडींत असतो. नाना पेठेंतील मोटारसामानाच्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत धीर धरून फिरणाराला जवळपासचा माल, निदान जुन्या मुठी, बटणें व पट्ट्या मिळूं शकतात. रंगाबरोबर कापडावरील दाणा, पट्ट्यांची रुंदी, गोटाची जाडी व एका इंचांत टांके किती, हेंही जुळवून घ्यावें. कारागिराला डोळ्यांच्या अंदाजानें बेतूं देऊं नये. जुनें आवरण उसवून प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूस खडूनें अनुक्रम घालावा आणि तोच तुकडा बेतण्याचा कागद समजून त्यावरून नवा कापावा. घरांतील ज्यांना पोलकीं-परकर बेततां येतात, अशा कोणीं तरी त्या वेळीं तेथें उभें राहावें. कापडाची उभार आडवी करून ताण बिघडविण्याची चूक त्यांच्या नजरेंतून सुटावयाची नाहीं.

परंतु डाव्या बाजूच्या बैठकीची ती निकडीची दुरुस्ती सोडली, तर आसनांचें बाकीचें काम सर्वांत शेवटीं येतें, हें नीट ध्यानांत धरलें पाहिजे. पुष्कळ कुटुंबें प्रथम आसनांवर पैसा खर्च करतात आणि पहिल्याच पावसाळ्यांत तो वाया जातो. आरंभ पाण्यापासून करावा. पुढच्या व मागच्या कांचेभोंवतींचें रबर ताठ झालें कीं पाणी आंत येतें व पायांखालच्या रबराच्या खालीं तागाचा जो थर असतो त्यांत साठतें. वरून जमीन कोरडी दिसते आणि खालीं पत्रा गंजत असतो. तें रबर उचलून बोटानें दाबून पाहावें. पत्रा दबला तर आधीं तळाचें काम. दारांच्या तळाशीं पाणी जाण्यास लहान भोंकें असतात, तीं मातीनें बुजलेलीं असतात. तीं मोकळीं करावीं, आणि दार व पुठ्ठा यांच्यामध्यें प्लास्टिकचा कागद नीट चिकटवावा. भगिनींच्या दारांचे पुठ्ठे फुगतात त्याचें कारण बहुधा एवढेंच असेल. पुढें तारा. साठ वर्षांपूर्वीच्या तारांवरील वेष्टन कडक होऊन गळूं लागतें आणि उंदीर तर असतातच. येथें आम्ही जुन्याचा मुळींच अभिमान धरीत नाहीं. तारा नव्या घालाव्या, फ्यूज योग्य घालावे, आणि काम चालूं असतांना बॅटरी सोडवून ठेवावी.

त्यानंतर छत. अस्तर आडव्या कमानदार तारांवर ओवलेलें असतें व त्याच्या कडा बऱ्याच मोटारींत कांचांच्या रबराखालीं दाबलेल्या असतात. म्हणजे कांचा काढल्यावांचून छत नीट होत नाहीं. म्हणूनच कांचांचें रबर बदलणें व छत करणें हीं कामें एकाच वेळीं काढावीं. कमानींची वांक एकसारखी नसते, प्रत्येकीला काढतांनाच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. २०१५ पासून मुंबईंत ‘टॅक्सी फॅब्रिक’ नांवाच्या उपक्रमानें टॅक्सींच्या छतांवर व आसनांवर तरुण कलावंतांचीं रंगीबेरंगी चित्रें आणलीं. तें काम आम्हांस फार आवडलें होतें, कारण टॅक्सींत बसणारा घटकाभराचा पाहुणा असतो व त्याची करमणूक झाली पाहिजे. घरच्या मोटारीच्या छताकडे पाहत मात्र कोणी तरी लहानपणीं झोंपी गेलेलें असतें. तेथें पूर्वीचेंच साधें फिकट अस्तर असावें.

मधल्या दिरांच्या वातानुकूलन यंत्राबद्दल थोडें लिहिणें प्राप्त आहे. पुण्याचा उन्हाळा पूर्वीचा राहिला नाहीं, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु त्या यंत्रासाठीं डॅशबोर्डाखालचा भाग कापावा लागेल, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला भोंकें पाडावीं लागतील, आणि हजार घनसेंटिमीटरच्या आसपासच्या जुन्या इंजिनावर व त्याच्या वीजनिर्मितीवर जो भार पडेल तो निराळाच. पुढच्या दारांना जी लहान त्रिकोणी कांच आहे, ती तिरपी उघडली म्हणजे चालत्या मोटारींत वारा थेट तोंडावर येतो. तिचें रबर नवें घालावें, खिळी सैल करावी. सकाळच्या फेरीपुरतें तेवढें पुरे व्हावें.

सुरक्षिततेचा विषय मात्र भावनेवर सोडूं नये. त्या मोटारींत आसनपट्टे नाहींत आणि आसनांना डोक्याचा टेकूही नाहीं. कमरेचे पट्टे बसवावयाचे तर तळाच्या पत्र्याखालीं जाड पोलादी तुकडे देऊन बसवावे. गंजलेल्या पत्र्यांत नुसता बोल्ट ठोकलेला पट्टा असून नसल्यासारखा. मांडीवर मूल घेऊन बसण्याची ती जुनी रीति आतां बंदच करावी. महामार्गावर ही मोटार नेण्याचें कारण नाहीं.

कायद्याचा एक मुद्दा थोरल्या दिरांना उपयोगी पडेल. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलें, मूळ स्वरूपांत राखलेलें व सांगाडा, बाह्य कवच अगर इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहन त्या नियमांखालीं ऐतिहासिक म्हणून नोंदवितां येतें. क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, नियमांत पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये असें शुल्क ठरविलें असून मुदत दहा वर्षांची आहे. परंतु असें वाहन नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर नेतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणें, दुरुस्ती अशा कारणांपुरतें तें बाहेर काढावयाचें. म्हणजे ‘व्हीए’ घेतल्यास रविवारची कात्रजची फेरी संपली. फेरी हवी असेल तर योग्यतेची तपासणी करवून साध्या नोंदणीचें नूतनीकरण करीत राहणें हाच मार्ग. आमचा कल फेरीकडे आहे. या नियमांत सांगाडा, कवच व इंजिन यांचीं नांवें घेतलीं आहेत, आसनांवरील कापडाचें नाहीं. तेथें राखण करावयाची ती घरच्यांनींच. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं ‘ट्यूरिन सनद’ मान्य केली. मूळ वस्तु सांभाळणें, तिची झीज थांबविणें आणि नसलेला भाग भरून काढणें, या तीन गोष्टी त्या सनदेनें वेगळ्या मानल्या आहेत आणि नवीन घातलेला भाग पुढें ओळखूं यावा अशी अपेक्षा केली आहे. मंदिराच्या जीर्णोद्धारांत नवा दगड कोणता हें सांगणारा शिलालेख जसा उपयोगी, तशी घरच्या मोटारींतही नव्या तुकड्याच्या उलट बाजूस वर्ष लिहून ठेवण्याची युक्ति उपयोगी आहे.

राहिला घरांतील मतभेद. तिघां भावांचीं मतें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु आम्ही सांगितलेली दुरुस्ती तिघांनाही चालण्यासारखी आहे, आणि ती सुचविण्याचें आमचें मुख्य कारण तेंच आहे. मोटार ठेवावयाची कीं विकावयाची हें अद्याप ठरलेलें नाहीं. जोंपर्यंत ठरत नाहीं, तोंपर्यंत जें पुन्हां फिरवितां येईल तेवढेंच करावें. तरट बदललें, पत्रा सांधला, तारा नव्या घातल्या, तरी उद्यां कोणाला मलईच्या रंगाचीं आसनें हवीं असतील तर ती वाट मोकळी आहे. उलट आज जुनीं आवरणें उचलून भंगारांत दिलीं तर ती वाट परत येण्याची नाहीं. विकावयाचें ठरलें तरी, जाणता गिऱ्हाईक ठिगळ लावलेल्या मूळ आसनाला जी किंमत देतो ती चकचकीत नव्या आसनाला देत नाहीं. थोरल्या दिरांनींही एक ध्यानांत घ्यावें, हात न लावणें म्हणजे राखणें नव्हे. कुजकें तरट हात न लावल्यानें अधिकच कुजतें. खर्च तिघांनीं समाईक करावा व त्याची वही एका ठिकाणीं असावी. ज्यानें पैसे अधिक घातले त्याचा मोटारीवर हक्क अधिक, अशी भाषा मागाहून होऊं नये. आणि नव्या इमारतींतील ती एकुलती जागा जर कोणीच आनंदानें देणार नसेल, आठवड्यांतून एकदां दार उघडणारें माणूस कोणत्याच बिऱ्हाडांत उरणार नसेल, तर भगिनींच्या यजमानांचें मत बरोबर आहे असें आम्ही स्पष्ट म्हणूं. दोन वर्षें बंद राहिलेल्या मोटारीचें अंतरंग बुरशीला व उंदरांना दिल्यासारखेंच आहे. तशी वेळ आल्यास ती आहे त्या रूपांत, तिच्या कागदांसह, जो चालवील त्याला द्यावी.

काम काढण्यापूर्वीं एक सायंकाळ मात्र सासूबाईंसाठीं ठेवावी. आसनें जागेवर असतांनाच त्यांना पुढच्या बाकावर बसवावें आणि कोण कोठें बसे, कोणत्या दाराची मूठ केव्हांपासून सैल आहे, पाठीमागची ती हातशिलाईची दुरुस्ती कोणाची, हें विचारून घ्यावें. फोनवर बोलणें उतरवून घेणें हल्लीं कोणाही नातवाला येतें. छायाचित्रें प्रत्येक कोपऱ्याचीं घ्यावीं, विशेषतः उलट बाजूंचीं. ज्या खुणा घरच्यांना ठाऊक आहेत त्या कारागिराला ठाऊक नसतात. त्याच्या दृष्टीनें हाताची वेडीवांकडी शिवण म्हणजे प्रथम उसवावयाची वस्तु. तिच्यावर खडूनें फुली करून ‘ही राहूं द्यावी’ असें त्याला आधींच सांगावें. उसवलेले जुने तुकडे व उरलेलें कापड गुंडाळी करून ठेवावें, घडी घालूं नये; घडीवर तें पुन्हां तडकतें.

कामाला हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा. दसऱ्याला मोटारीची पूजा झाली, पावसाची दमट हवा गेली, म्हणजे रबर उचलून तळ वाळवावयास घ्यावा. चिकटविण्याचीं द्रव्यें कोरड्या हवेंत नीट धरतात. थंडीच्या दिवसांत रेक्झिन ताठ असतें, तें तसेंच ओढलें तर कोपऱ्यावर फाटतें. म्हणून आवरण चढविण्याचें काम दुपारीं बाराच्या पुढें ठेवावें, आणि त्याआधीं तें अर्धा तास अंगणांत उन्हांत चटईवर उलटें पसरावें. हातांत घेऊन पाहावें. मऊ पडलेलें कळतें.